एक जूनची मित्रा

संघमित्राचा पहिला दुधाचा दात तिसरीत पडला. वर्गातल्या बाकीच्या मुलांचे पहिलीतच पडून नवे आले होते, आणि हिचे आपले कण्यांसारखे बारीक दात तसेच. एका दुपारी पाढे म्हणता म्हणता तिने तोंडातून दात काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि "पाच चोक वीस" म्हणत जागेवर जाऊन बसली. मी तो कागदात गुंडाळून तिच्या हातात परत दिला. मला हसू आलं नाही. हा दात इतक्या उशिरा का पडला, हे शाळेत दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि आमच्या मुख्याध्यापकांना. त्यांना सगळे आबा म्हणत.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, मुंबई-आग्रा हायवेला चिकटून. शाळा दोनशिक्षकी. मी रोज धुळ्याहून जायची. ज्या वर्षी मित्रा शाळेत आली त्या वर्षी पटावर एक नाव कमी पडत होतं. पट घसरला की दुसरा शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि दुसरी शिक्षक मी होते. अतिरिक्त म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी कुठेतरी. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ही सबब मी आजवर पुष्कळ जणांना सांगितली आहे, म्हणून इथेही सांगून टाकते.

मित्राची आई शेतमजुरीला जायची, बाप सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कामावर. थोरली मुलगी दुसरीत होती. तिच्या फ्रॉकचं टोक धरून मित्रा आली, मागून आई. "मॅडम, इले बी बसाडी ल्या," आई म्हणाली. "मी वावरमा जास. ही एकटी घर कशी ऱ्हाई?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही वय विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्या बाईने खरं सांगितलं असतं, आणि तेच नको होतं. पोरगी साडेचार वर्षांची असेल. पहिलीला सहा पूर्ण लागतात. मी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं आणि सहा पूर्ण होतील असं साल धरून एक जून तारीख टाकली. एक जून हा आमच्याकडे जन्माला यायचा सरकारी दिवसच आहे. अर्ध्या गावाचा वाढदिवस त्या दिवशी असतो आणि कुणीच तो करत नाही. गुरुजी तारीख देतात, पोरं ती आयुष्यभर वापरतात, कुणाचं काही बिघडत नाही. असं मी मानत होते.

पहिली दोन वर्षं ती दुपारी तरटपट्टीवर झोपायची. मी झोपू द्यायची. आबा म्हणायचे, "मॅडम, साहेब आले तर?" मी म्हणायची, "तर उठवू."

शाळा हायवेच्या पलीकडे होती. पोरं घोळक्याने हात धरून, आरडाओरडा करत रस्ता ओलांडायची. मित्रा एकटी उभी राहायची. चपलेचा पट्टा नीट करत, जणू तिला कुठे जायचंच नाही. दोन ट्रकांच्या मधे जागा झाली की सुळकन पलीकडे. मी तिला त्यावरून किती वेळा रागावले असेन. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "देखूत." म्हणजे बघू. हा तिचा एकच शब्द. पेपर कसा जाईल, देखूत. मोठेपणी काय होणार, देखूत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, बाळ, पंतप्रधान व्हायचंय का? तेव्हाही तेच. साहेब हसले, आबांना घाम फुटला.

पुढे हायस्कुलात गेल्यावर तालुक्याच्या स्पर्धेत ती मुलींच्या फुटबॉलमध्ये उतरली, ती अकरावी मुलगी मिळत नव्हती म्हणून. धुळ्याचे रशीद सर तिथे पंच होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, सकाळी मैदानावर मुलींना फुकट शिकवायचा. त्यांनी मला नंतर सांगितलं, "मॅडम, ही पोरगी डिफेंडरच्या बाजूला उभी राहून बुटाची नाडी बांधत होती. मी म्हटलं, ही काय खेळणार. मान वर केली तर ती गोलजवळ." मी त्यांना हायवेचं सांगितलं. ते बराच वेळ हसले. "आमच्या बाकीच्या पोरींना कुठला हायवे दाखवू आता?" म्हणाले.

त्यांच्याकडे ती रोज पहाटेच्या गाडीने धुळ्याला जाऊ लागली. डब्यात कळण्याची भाकरी आणि कांदा. रशीद सरांनी अंडी खायला सांगितलं तर "देखूत". संघात तिचं फारसं कुणाशी पटत नसे. बॉल मागायला ओरडणाऱ्या मुलीला ती कधी पास द्यायची नाही. एकीने तक्रार केली तेव्हा मित्राचं उत्तर रशीद सरांनी मला जसंच्या तसं ऐकवलं: "जी बोंबलस तिले बठ्ठा देखतस. मंग ती कशी गोल मारी?" म्हणजे ओरडणारीवर सगळ्यांचीच नजर. तक्रार करणारी तिच्याशी महिनाभर बोलली नाही. पण ओरडायचीही थांबली.

रशीद सरांनी तिच्या जन्माचा दाखला मागितला तेव्हा आईने माहेरून आणला. मित्राचा जन्म बोदवडजवळच्या आजोळचा. आजोबा रेल्वेत गँगमन होते, कागदाची किंमत जाणणारे. त्यांनी नातीची नोंद ग्रामपंचायतीत केली होती. दोन वर्षं उशिराने केली, पण तारीख खरी टाकली, नोव्हेंबरातली. त्या दाखल्यावर ती जिल्ह्याला खेळली, राज्याला खेळली, त्याच दाखल्यावर पासपोर्ट झाला. शाळेच्या रजिस्टरातल्या तारखेची कुणाला आठवण झाली नाही. मला झाली होती. मी ती मनातच ठेवली.

भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघातून ती परदेशात दोन सामने खेळली. तिथल्या गावाचं नाव आमच्यापैकी कुणाला उच्चारता येत नव्हतं. दुसरा सामना आम्ही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एका पोराच्या मोबाईलवर पाहिला, तीसेक माणसं एका मोबाईलभोवती. मला पुढे बसवलं होतं, मॅडम म्हणून. दुसऱ्या हाफमध्ये ती नाडी बांधायला वाकली. मी शेजारच्या बाईचा हात धरला, कारण पुढे काय होणार ते मला माहीत होतं. दोघींच्या मधून निघाली आणि डाव्या पायाने गोल मारला.

सोबतच्या मुली तिला मिठी मारायला धावल्या, तर ही जाळीत. बॉल उचलून काखेत मारला आणि खाली मान घालून मधल्या रेषेकडे चालायला लागली. "आते काय घाई शे हिले?" एक म्हातारे नाना म्हणाले. मोबाईलमधला माणूसही इंग्रजीत काहीतरी घाईबद्दलच बोलत होता. घाई कसली? आमच्या मैदानाच्या गोलमागे जाळी नव्हती, बाभळी होत्या, आणि त्यापुढे हायवे. पोरांचा नियमच होता, जो मारी तो लई येई. ज्याने गोल मारला त्यानेच बॉल आणायचा. ती आयुष्यभर काट्यांतून बॉल काढत आली होती, तिला आयती जाळी कुठून समजणार?

गावाने सत्कार केला. फ्लेक्सवर तिच्या फोटोपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते, ते असतातच. भाषण कर म्हटल्यावर ती उठली, माईकपासून हातभर लांब उभी राहिली आणि म्हणाली, "मी आखो खेळसू. बसू का आते?" अजून खेळणार, एवढंच तिचं भाषण. लोक टाळ्या वाजवत राहिले. दुसऱ्या दिवशी एक पत्रकार आला. त्याला तिचा अनवाणी फोटो हवा होता, मागे सोनगीरचा किल्ला. "बूट काढ ना ताई," तो म्हणाला. "काबरं? बूट शेत ना मनाकडे," ही म्हणाली आणि उलट नाड्या घट्ट केल्या. घरची परिस्थिती विचारली तर म्हणाली, घरी टीव्ही आहे. तो बिचारा हिरमुसला होऊन गेला. मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन मी स्वयंपाकात गोड केलं.

पुढे आशियाच्या पात्रता फेरीचा संघ निवडायचा होता. सराव शिबिराच्या यादीत तिचं नाव आलं. आणि त्याच आठवड्यात कुणीतरी निनावी अर्ज केला. सोबत आमच्या रजिस्टरचा उतारा. शाळेत एक जून, जन्मदाखल्यावर नोव्हेंबर, मधे दीड वर्षाचा फरक. शाळेची तारीख धरली तर मित्रा सतरा ओलांडत होती. तिच्या मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांनी तिची बाजू घेतली. पण प्रश्न हाडांचा राहिला नव्हता, दोन कागदांपैकी खोटा कोणता याचा झाला होता. ग्रामपंचायतीची नोंद उशिराची. म्हणून दिल्लीच्या चौकशी कमिटीने नोंद करणाऱ्या शिक्षकाचा खुलासा मागवला. आबा तोवर वारले होते. उरले मी.

रशीद सर मित्राला घेऊन धुळ्याच्या माझ्या घरी आले. ती आत आली नाही, पायरीवर बसून राहिली. मी पाणी नेऊन दिलं ते प्याली. सर म्हणाले, "मॅडम, एवढंच लिहा. तारीख आम्ही अंदाजे टाकली, वय वाढवून टाकलं. मुलीचा दोष नाही, आई-बापाचा नाही. बस."

"लिहिते," मी म्हणाले.

मला निवृत्तीला आठ महिने होते. मी पंचायत समितीतल्या एका ओळखीच्या क्लार्कला विचारायला गेले. विचारायला जायची गरज नव्हती, हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. तो म्हणाला, "वय वाढवलं असं कुठे लिहून देता का मॅडम? उद्या चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. पालकांच्या सांगण्यावरून नोंद घेतली, असं लिहा. सगळे तसंच लिहितात. कुणाचंच नुकसान नाही."

मी तसंच लिहिलं. दोन ओळींचं पत्र. सही केली, शिक्का मारून घेतला, पोस्टात टाकलं. येताना भाजी घेतली.

निकाल आला तो असा: पालकांनी स्वतः शाळेत एक जून तारीख सांगितली होती, तर नोव्हेंबरचा दाखला नंतर खेळासाठी पुढे केला, सबब वयचोरी. दोन वर्षं बंदी. मी आई-बापाचा दोष नाही असं लिहायचं तिथे तो सगळा त्यांच्याच पदरात टाकला होता, तोही सरकारी शिक्क्यासकट. यात मला कळलं नव्हतं असं काय होतं? काहीच नाही.

मित्राची आई शाळेत आली. भांडायला नाही, समजून घ्यायला आली. ओट्यावर बसली. "मॅडम, मी कव्हय सांगी तारीख?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "माले कोठे येस तारीख? मी सांगी व्हती का?" तिला खरोखर शंका आली होती, की आपणच कधीतरी काहीतरी बोलून बसलो आणि पोरीचं वाटोळं केलं. मी म्हणाले, "जुनी गोष्ट आहे अक्का, मलाही आठवत नाही." माझ्या आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य हे आहे. ती मान हलवत उठून गेली.

गावाला बोलायला विषय मिळाला. ज्या पोरांनी फ्लेक्स बांधला होता त्यांनीच तो उतरवला आणि म्हशीच्या गोठ्यावर टाकला. बापाला कामावर "बोगसवाला" म्हणू लागले. थट्टाच होती, पण रोजची. तो कमी बोलणारा माणूस, आणखी कमी बोलू लागला.

बंदी म्हणजे सामने नाहीत, शिबिरं नाहीत. तरी मित्रा काही महिने पहाटेच्या गाडीने मैदानावर जात राहिली. रेषेच्या बाहेर उभी राहायची आणि इतर मुलींचे बाहेर गेलेले बॉल आणून द्यायची. रशीद सर म्हणायचे, आत ये, सरावाला कोण बघतंय. ती यायची नाही. "मी आत उनू तं तुमनावर बी अर्ज करतीन," म्हणायची. पात्रता फेरीचा पहिला सामना ज्या दिवशी होता त्या दिवशी तिने आपले बूट धुऊन, वाळवून, आत वर्तमानपत्र कोंबून सरांच्या हातात दिले. "कोनले बसनात तं द्या." सरांनी मला हे फोनवर सांगितलं. मी काय लिहून दिलं ते मी त्यांनाही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात त्या घराने गाव सोडलं. जळगावला तिचे मामा होते, तिकडे गेले.

मी निवृत्त झाले. पेन्शन सुरू झाली. पहिल्या महिन्याची पेन्शन बँकेत आली त्या दिवशी मी कागद घेऊन बसले आणि सगळं लिहिलं. पट कमी होता, म्हणून मी वय वाढवलं, पालकांनी कोणतीही तारीख सांगितली नव्हती, आधीचं पत्र खोटं आहे. पानभर झालं. मला वाटलं होतं लिहिताना हात थरथरेल, पण अक्षर छान आलं. बंदीची जवळपास वर्षभराची मुदत बाकी होती. ती उठली तर पुढच्या वयोगटात अजून जागा होती, रशीद सर तसं म्हणाले होते. पत्र पाठवण्याआधी मित्राला दाखवावं, तिच्या पाया पडावं, असं मनात धरून मी जळगावची गाडी पकडली.

तिची आई घरी भेटली. तिने चहा केला, जुनं काही काढलं नाही. मित्रा एमआयडीसीत चटईच्या कंपनीत लागली आहे, दुपारपाळी आहे, आत्ता गेटवर सापडेल म्हणाली. मी रिक्षाने गेले. गेटबाहेर बाया-पोरी रांगेत बसल्या होत्या. मित्रा भिंतीला टेकून उभी होती. उंची वाढली नव्हती, खांदे मात्र उतरले होते. मला बघून पुढे आली, वाकून नमस्कार केला. माझ्या पायांना तिचा हात लागला तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी पत्र दिलं. तिने उन्हात उभं राहून सगळं वाचलं, सावकाश, एकेक ओळ.

"मला माहीत होतं मॅडम," ती म्हणाली. जळगावात येऊन तिची बोली शहरी झाली होती. "कमिटीने रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला होता. अक्षर तुमचं होतं. मी त्याच अक्षरावरून शिकलेली."

"मग तू बोलली का नाहीस? आईला तरी."

"आई तुम्हाला मानते," ती म्हणाली. "आणि मला वाटलं, तुम्ही लिहाल."

मी म्हणाले की हे आजच पाठवते, रजिस्टर्ड पोस्टाने, हवं तर दिल्लीला स्वतः जाते. तिने पत्राची घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये परत ठेवली.

"नको. ठेकेदार अठरा पूर्ण बघतो. मी शाळेचा दाखला दाखवलाय, एक जूनचा. हे गेलं की मी सतराची. बाबांचं काम सुटलंय, मॅडम. ते आता घरीच असतात."

"आणि खेळ?"

"सकाळी पाय दुखतात," म्हणाली. "बारा तास उभं राहायचं असतं. आता पळवत नाही."

तेवढ्यात भोंगा झाला. रांग उठली. गेटवरचा माणूस एकेकीचं कार्ड बघून आत सोडत होता. मित्राच्या वेळी तो थबकला, माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही कोण हिच्या?"

"मॅडम आहेत शाळेतल्या," मित्रा म्हणाली.

"बरं झालं भेटल्या. दिसायला बारीक आहे पोरगी, साहेब मला सारखे विचारतात. झालेत ना हिला अठरा?"

मित्रा जमिनीकडे बघत होती. मागच्या बाया पुढे सरकायला बघत होत्या. पर्स माझ्या काखेत होती, तिच्यात ते पानभर पत्र.

"झालेत," मी म्हणाले. "नोंद मीच केली आहे."

त्याने कार्ड परत दिलं. मित्राने ओढणी नाकावर बांधली आणि दोन बायांच्या मधून आत गेली.